खडूची रेघ

जिंतूरला बस स्टँडच्या मागं, सायकल दुरुस्तीला लागून
माझं दुकान. इलियास टेलर. पाटीवरचा शेवटचा 'र' उडालेला.
वरच्या फळीवर, अस्तराच्या ठाणामागं
एक कोटाचं कापड आहे, करडं,
येलदरकर सरांचं.

पावतीवर तारीख आहे. ती सांगणार नाही.
एवढंच सांगतो, ज्या लग्नासाठी कोट टाकला होता
त्या लग्नातली नवरी
परवा पोराचा गणवेश घेऊन आली,
चड्डी कमरेत आत घ्यायला.
ती काही बोलली नाही. मीही
नको तितका वेळ बटणं निवडत बसलो.

लोक म्हणतात, इलियास लई आळशी.
आळशी माणूस ईदच्या आधी चाळीस पठाणी शिवतो का?
ते कापड टाळायला मी जितकं राबलोय
तितक्यात दहा कोट झाले असते.
मशीनला तेल दिलं. रिळं रंगावार लावली.
उधारीची वही नव्या वहीत उतरवली.
लाइट गेली, म्हटलं लाइट येऊ दे.
लाइट आली, म्हटलं ऊन उतरू दे.
जेवल्यावर कात्री धरू नये,
हे शास्त्र मीच काढलं, मीच पाळलं.

बायको म्हणते, "कामून ठेवलं मग? परत देऊन टाका."
मी म्हणतो, उद्या.
उद्या म्हटलं की बरं वाटतं,
जेवणानंतर पोटावरचं बटण काढावं तसं.
रात्री पुन्हा आवळतं.

खरं सांगू?
चौथीत सरांनी माझी वही वर धरली होती,
सगळ्या वर्गाला दिसेल अशी.
"ह्याच्या हाताला वळण नाही."
सर विसरले. विसरणारच, त्यांच्यापुढून हजार हात गेले.
माझा हात विसरला नाही.
कापड फळीवर आहे तोवर
तो जिंतुरातला सगळ्यात सुरेख कोट आहे.
खांद्यात ओढत नाही, कॉलर मानेला बसते.
कात्री लागली की तो माझ्या हातचा कोट होईल.

शुक्रवारी नमाज पढून आलो. गिऱ्हाईक नव्हतं.
स्टुलावर चढून गाठोडं काढलं.
घडीच्या कडेला धुळीची सरळ पट्टी,
माझ्या कुठल्याही टिपेपेक्षा सरळ.
स्वतःला म्हणालो, आज कापायचं नाही.
मुळीच नाही. कात्री गल्ल्यात टाकून कुलूप लावलं.
फक्त खडू. एक रेघ.
खडूची रेघ हातानं पुसते,
हे तर सरांच्याच फळ्यावर पाहिलेलं.
एक मारली. वाकडी. पुसली. दुसरी मारली.
पाठ उतरली, एक बाही उतरली,
चहावाला पोऱ्या भरलेला कप तसाच उचलून घेऊन गेला.

मग जुनी मापं पाहिली अन् थांबलो.
इतक्या दिवसांत माणूस तेवढाच राहतो का?
टेप गळ्यात टाकून निघालो.
वाटेत दोनदा मागं वळलो. एकदा तर
चाकात हवा नसंल म्हणून. पायी होतो.

सर व्हरांड्यात बसलेले. मी माफीचं वाक्य जुळवतोय
तोवर ते उठले, हात पसरून उभे राहिले.
छाती तीन इंच आत गेली होती.
मी आकडे मोठ्यानं म्हटले,
नाहीतर तोंडातून दुसरंच काही आलं असतं.

"तुझ्या दुकानावरून कितीदा गेलो," सर म्हणाले,
"मुद्दाम नाही विचारलं.
कोट झाला असता तर
तो घालून कुठं जायचं, ते ठरवावं लागलं असतं."

दोघं हसलो. जरा जास्तच.

कोट अजून झालेला नाही.
काल एक खिसा कापला, आतला,
जो कुणाला दिसत नाही.
टीप जराशी तिरकी गेली.
उसवली नाही.