हातोडी, नग एक

तुझं नाव माझ्या रजिस्टरात पहिल्यांदा आलं
जुलैच्या नऊ तारखेला :
गित्ते शिवकांता, बीबीए द्वितीय वर्ष,
पाना दहा-अकराचा, नग एक.
परत : त्याच दिवशी, ग्रीससकट.
पुसून देत जा, म्हणालो.
तू म्हणालीस, पुसलाय सर, हे माझ्या बोटाचं आहे.

हे केंद्र म्हणजे आधी परीक्षा विभागाचं गोदाम.
उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गेले,
काचेचं दार आलं, लाल-पिवळ्या बीनबॅगा आल्या,
भिंतीवर रॉकेट काढलं नांदेडच्याच पेंटरनं,
जो दिवाळीत फटाक्यांच्या दुकानांचे बोर्ड रंगवतो.
म्हणून ते बाटलीतून सुटल्यासारखं दिसतं.
याला इन्क्युबेशन म्हणतात.
आमच्या घरी खुडूक कोंबडी एकवीस दिवस
दाण्यापाण्यापुरतीच उठायची.
इथं दर सोमवारी मेल येतो :
पिल्लू कुठवर आलं?

तुझं यंत्र सीताफळाचं. गर एकीकडं, बी एकीकडं.
तीन परीक्षक, पाच मिनिटं, एक घड्याळ.
स्केल कसं करणार, त्यांनी विचारलं.
तू म्हणालीस, आमच्या धारूरकडं
सीताफळ तोलत नाहीत, पाटीनं विकतात.
हसले तिघं.
एकानं हसता हसता लिहून घेतलं.

पंच्याहत्तर हजार मंजूर झाले.
मग फाइल विभागात, वित्तमध्ये, परत विभागात,
एक सही बाळंतपणाच्या रजेवर.
पैसे उतरले फेब्रुवारीत,
तेव्हा सीताफळाच्या झाडावर
पानसुद्धा नव्हतं.
सोबत पत्र : एकतीस मार्चच्या आत खर्च करावेत,
अन्यथा परत.

दोन दिवस तू त्या पिवळ्या बीनबॅगेत रुतून होतीस.
तिसऱ्या दिवशी मोंढ्यातून रिक्षानं आलीस,
मांडीवर चिंचेचं पोतं.
पिव्हट म्हणतात याला,
पुण्याहून ऑनलाइन आलेले मार्गदर्शक म्हणाले.
आमच्याकडं म्हणतात, नाहीतर काय करायलीस.

पहिल्या आठवड्यात चिंचोके फुटले,
दुसऱ्यात उडाले, एक ट्यूबलाइट गेली.
(ती अजून माझ्या नावावर आहे.)
सगळ्या कॉरिडॉरला वास,
वित्त विभागाच्याही तोंडाला पाणी.

मग तू गुंफाबाईला आणलंस, खरं काम दाखवायला.
बाई बीनबॅगेवर बसेना. ही गादी माणसाला गिळती, म्हणाली.
फरशीवर मांडी घातली, पदरातून हातोडी काढली,
टक, आणि चिंचोका बाहेर,
टक, आणि शीर बाहेर,
बोलता बोलता, जावयाचं सांगत सांगत.
किलोमागं सात रुपये.
मग तुझं यंत्र लावलं. तासाला चाळीस किलो.
ती बघत राहिली.
चांगलं हाय बाई, म्हणाली,
मग आमी कामून यायचं?

प्रोजेक्टरवर पुढची स्लाइड आपोआप आली.
तिच्यात वरवर जाणारा बाण होता.

फॉर्मात अकरावा रकाना असतो,
सामाजिक परिणाम, शंभर शब्दांत.
तू चौदा लिहिलेस. खोडलेस.
त्या गडबडीत बाई हातोडी विसरून गेली.
मी नोंद केली :
हातोडी, नग एक, दांडा बाभळीचा, केंद्राची नाही.

सोमवारी तू सही करून ती घेऊन गेलीस.
संध्याकाळी आलीस तेव्हा हातोडी नव्हती.
वहीच्या पानावर सात बायकांची नावं होती,
दोन अंगठ्यांच्या खुणा,
यंत्र कुणाच्या ओट्यावर, विजेचं बिल कुणाचं,
बिघडलं तर कुणाचं,
आणि या सगळ्याचा एक हिशेब,
जो जुळत नव्हता.

रात्री साडेदहापर्यंत जुळला नाही.
साडेआठला कुलूप लावायचा नियम आहे.
मी किल्ली खिशात घालून
बाहेर स्टुलावर बसलो, डास मारत.
आतून कॅल्क्युलेटरचा आवाज येत नाही,
पण तू बोटं टेबलावर वाजवतेस ते येतं.

रजिस्टरात एवढंच आहे :
हातोडी पोचती केली.
कुलूप उशिरा. कारण