डावा खांदा

पाकीट आलं ते माझ्याच हातून.
सकाळच्या टपालात मीच ते वेगळं काढलं,
चढ चढून माझ्याच दाराच्या फटीतून आत सरकवलं
आणि संध्याकाळी घरी आल्यावर
दुसऱ्या कुणी पाठवल्यासारखं उघडलं.

वर एकोणीसशे छत्तीसची बाई,
कोपराच्या वर हातमोजे, पाठ उघडी,
मान वळवून बघतेय माझ्या स्वयंपाकघराकडे
जणू इथे कुणीतरी काहीतरी सांडलंय.
आत जुन्या कागदांची नवी प्रत,
भोकं होती तिथे आता छापील ठिपके,
आणि सूचना इतक्या तुटक की राग यावा:
क ला ख जोडा. उरलेलं नेहमीप्रमाणे.

नेहमीप्रमाणे!
मी तीनदा उसवलं.

आधी जुन्या चादरीचा कच्चा झगा.
खाली बंदरात रात्रपाळीच्या क्रेन
कंटेनर उचलून पुन्हा ठेवत होत्या.
पोर्ट चॅमर्समधला जून, शेगडीतलं लाकूड ओलं,
आणि मी ओठांत टाचण्या धरून
स्वतःभोवती टेप गुंडाळत होते.
श्वास रोखून एकदा. श्वास सोडून एकदा.
दुसरं माप लिहिलं.

नायरी आली, शेजारची, मागितलेली शिडी परत द्यायला.
कुणासाठी गं हे?
हॉलला नव्वद वर्षं होताहेत, नाच ठेवलाय.
ते ठाऊक आहे. कुणासाठी?
मी म्हटलं, ती कात्री दे.

मग खांद्याचा तुकडा हातात घेतला
तर ठिपक्यांच्या बाहेर काहीतरी फिकट.
केस पडला असेल म्हणून फुंकर मारली.
हलला नाही.
चष्मा लावला. शिसपेन्सिल होती,
म्हणजे शिसपेन्सिलीचं छापील चित्र.
यंत्रानं डोळे मिटून सगळंच उतरवलं होतं,
चहाचा डागसुद्धा, आणि हे, तिरक्या घाईच्या अक्षरात:
डावा खांदा अर्धा इंच खाली घेणे.

काय वाहत होतीस गं बाई, डाव्या खांद्यावर?
कोळशाची बादली? कडेवरचं, खाली न उतरणारं पोर?
मी एकतीस वर्षं टपालाची पिशवी,
त्याच बाजूला.
वीजबिलं, लग्नाची आमंत्रणं, बियाणांचे कॅटलॉग,
एकदा एका म्हातारीच्या मुलाची रक्षा, सही घेऊन.
माझे सगळे कोट डावीकडून ओघळतात.
दुकानातला माणूस हळूच म्हणतो, आत छोटी उशी भरू या,
कुणाला कळणार नाही.

हिनं उशी भरली नाही.
हिनं कागदालाच सांगितलं.

आता किती गावांत गेली असेल ही ओळ,
किती सरळ खांद्यांच्या बायका
तिला खोडरबरानं पुसू बघत असतील.
मी तिच्या मापानं बेतलं.
शेवाळी सॅटिन, पूर्ण उरेब;
आणि उरेब कापड कात्रीचं ऐकत नाही,
पाण्यासारखं टेबलावरून उतरू पाहतं.
अर्ध्या रात्री ते मी गुडघ्यांनी दाबून धरलं होतं,
शिव्या देत, मग शिव्याही संपल्यावर
रेडिओवर जहाजांसाठीचं हवामान ऐकत.

शिवून झालं तरी घालायचं नाही लगेच.
दोन रात्री टांगून ठेवायचं, असं लिहिलंय,
कापडाला आपलं वजन कळू द्यायचं.
झोपायच्या खोलीच्या दाराला तो लटकत होता,
बिनडोक्याचा, हिरवा,
आणि अंधारात खालची कड
कुठे बोटभर, कुठे दोन बोटं
लांबत चालली होती.
दोनदा उठून पाहिलं.
दुसऱ्यांदा हात लावला, गार होता.

आज नायरी फरशीवर गुडघे टेकून बसलीय,
पट्टी, खडू, ओठांत माझ्याच टाचण्या.
घेर मोजता मोजता थांबते, वर बघते.
सरळ उभी राहा ना, म्हणते, टाचण्यांच्या मधून.

उभीच आहे, म्हटलं.
लाव तू.