पिवळ्या रेषेच्या अलीकडे

माझं काम एवढंच : तासातासाला शिट्टी फुंकायची
आणि कुणाला पिवळी रेषा ओलांडू द्यायची नाही.
चोवीस चित्रकार, चार तास.
प्रत्येक कॅनव्हासच्या पाठीवर शिक्का,
घरून रंगवून आणलं नाही याची खूण.
डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं जाकीट, सक्तीचं.
पहिल्याच तासात कुरबूर :
जाकिटाचा पिवळा कॅनव्हासवर उडतो म्हणे,
ढग हळदुले दिसतात.
मी म्हटलं, नियम माझे नाहीत.

उत्तर समुद्राचा वारा. इथे तो बारा महिने असतो,
आज पाहुण्यांसाठी जरा जास्त.
एक ईझल गडगडत पार रुळांपर्यंत गेलं,
तेव्हा मी भट्टीच्या विटा आणून दिल्या,
प्रत्येकी दोन, पायांना बांधायला.
एकोणतीस वर्षांत या विटांना
इतकं हलकं काम मी कधी दिलं नव्हतं.

बहुतेकांनी सहा नंबरची भट्टीच धरली.
धरणारच. उंच आहे, गंजली आहे, फोटोत बरी येते.
हार्लेमहून आलेला रूलोफ तिला
चर्चसारखी काढत होता, कमानीबिमानींसकट.
मी तिच्या पोटात उतरलोय, कमरेला दोर बांधून.
चर्च नाही ती.
पण मला कुणी विचारलं नव्हतं.
दुसरा एक, वाफेला करडा रंग देणारा :
अहो, ती वाफ आहे, धूर नाही, मी म्हटलं.
म्हणाला, चित्राला धूर लागतो.

कोळसा भाजून लाल झाला की मनोऱ्याखाली नेऊन
त्यावर पाणी सोडतात.
पांढरा लोट उठतो,
आणि दीड मिनिट भट्टी नाही, नळ नाहीत, पूल नाही,
काहीच नाही.
चित्रकार ब्रश वर धरून ताटकळतात,
माझ्याकडे असं बघतात की जणू मीच सोडलाय.

शेवटून दुसरी येल्त्ये, बोटं कापलेले हातमोजे घातलेली,
तेवढ्या दीड मिनिटातच रंगवायची.
एरवी हात बगलेत.
तिसरा तास संपला तरी तिच्याकडे नुसती राख
आणि खाली एक रेघ.
शेजारचे तिच्या कॅनव्हासकडे पाहून सुखावत होते.

पुढचा कधी? तिने विचारलं.
स्पर्धकाला मदत करायची नाही, असं कागदावर आहे,
खाली माझी सही.
पण मला ते घड्याळात कळत नाही, दाढांत कळतं :
जमिनीत आधी एक घरघर, मग गाडीचं सरकणं.
मी तिच्याकडे पाठ केली.
अकरा मिनिटं, समुद्राला सांगितलं.
वारा तिच्याकडेच चालला होता.

बक्षीस रूलोफला.
त्याच्या आकाशात गुलाबी होता.
मी सकाळी सहापासून इथे आहे,
गुलाबी आला नव्हता.

चांगल्या बुटांतली परीक्षक येल्त्येपाशी थांबली.
यात कारखाना कुठे?
तिने बोट दाखवलं. लोटाच्या कडेला, नखाएवढं,
जिन्याचं एक वळण.
सातवा टप्पा.
त्या कठड्याला टेकून मी पाव खायचो, वीस वर्षं,
हे मी तिला बोललो नव्हतो.

आवरताना दिसलं, ओल्या पांढऱ्यावर काळे कण,
चमकणारे. भट्टीचं ग्राफाइट.
तिने फडकं काढलं.
थांब, म्हटलं. आमच्या गल्लीत दर सोमवारी
दोरीवरच्या चादरींवर हेच बसायचं,
आणि आई ओरडायची :
पुसशील तर पसरेल, फुंकर घाल!
दोघांनी वाकून फुंकर घातली.
काही उडाले.
काहींना रंगाने धरून ठेवलं होतं.
राहू दे, ती म्हणाली.

सगळे गेल्यावर विटा मोजल्या.
सत्तेचाळीस.
पुन्हा मोजल्या.
वहीत मात्र अठ्ठेचाळीस लिहिलं.