नमुना क्रमांक सत्तेचाळीस

तुर्भ्याला दाणा मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल. चाळण, भिंग, पांढरी थाळी,
आणि छापील फॉर्म:
खडे, काडीकचरा, फुटका दाणा,
शेवटच्या दोन रकान्यांत
किडे जिवंत, किडे मृत.

थाळीत गहू ओतला की आधी त्याला निवांत होऊ द्यायचं.
मग दाण्यांखालून निघतात सोंडे,
काळ्या तिळाएवढे,
सोंड पुढे करून,
काही हरवल्यासारखे शोधत.

पाठीवर चार तांबूस ठिपके असले तर तो उडणारा.
त्याच्या कवचाखाली पंख असतात,
जरीच्या साडीच्या घडीत मलमलचा तुकडा ठेवावा
तसे जपून ठेवलेले.
क्वचितच काढतो, पण असतात.

ठिपके नसले तर नाहीत.
त्याची पाठ मधोमध शिवलेली.
उघडतच नाही.

हे तांडेल मॅडमनी सांगितलं पहिल्याच आठवड्यात
आणि माझा विश्वास बसला नाही.
सुईचं टोक घातलं त्या शिवणीत,
अगदी हलकेच, कुंकवाच्या डबीचं झाकण काढावं तसं.
तडकलंच ते.
आत जरासा ओलावा, आणि काही नाही.
मॅडम म्हणाल्या, "झालं समाधान?
आता मृत एक लिही. तो तुझ्या नावावर."

कोपरखैरण्याच्या खोलीत रात्री
अण्णा उघडे बसायचे, भिंतीकडे तोंड करून,
आई तेल चोळायची.
त्यांचे दोन फरे दोन राहिले नव्हते.
आधी शंभर किलोच्या गोणीनं, मग पन्नासच्या,
मधली घळ भरून काढली होती,
मानेखालून सुरू होणारा एकच घट्टा,
चामड्याचा वाटावा असा.
दुसरीत असताना मी त्यावर
पाटीवरच्या पेन्सिलनं माझं नाव लिहिलं,
काना-मात्रेसकट.
त्यांना कळलंही नाही.
आईनं पुसलं.

बिनपंखांचा हा इथवर आला कसा,
असं परवा ऑफिसातल्या नव्या मुलानं विचारलं.
मला माहीत होतं.
कुठल्यातरी थंड मुलखात तो दाण्यात जन्मला,
बोटीच्या पोटात समुद्र ओलांडला,
न्हावाशेवाला उतरला, ट्रकमध्ये चढला,
आणि ट्रकपासून गाळ्यापर्यंतची साठ पावलं
अण्णांच्या पाठीवरून.
गोणपाटाच्या अलीकडे एक पाठ, पलीकडे एक.
मजुरी गोणीमागे.
किड्यांचे वेगळे पैसे नव्हते.

त्याच्याएवढा प्रवास अण्णांचा झाला नाही.
पाटण ते तुर्भे, गणपतीला परत पाटण.
मुलाला मी एवढंच म्हटलं,
"आणलं कुणीतरी."

आज नमुना सत्तेचाळीस.
बिनठिपक्यांचा एकच निघाला.
बोट लागताच त्यानं पाय पोटाशी घेतले,
सोंड छातीत खुपसली, आणि आडवा झाला.
नवे लोक इथेच फसतात, मृत लिहून मोकळे होतात.
थांबावं लागतं.
मॅडम म्हणतात दोन मिनिटं,
मी पाच देते.

दारात व्यापाऱ्याचा माणूस,
"ताई, गाडी खोळंबलीय,
एका किड्यासाठी काय बसलाय?"

रविवारी दुपारी अण्णा
मोरीच्या उंबऱ्याशी गोणपाटावर पालथे पडायचे.
मी आणि धाकटा बाबू
अभ्यास सोडून त्या पाठीकडे बघत बसायचो.
हलतेय का.
आई म्हणायची, बोलू नका, झोपू द्या.
आम्ही बोलत नव्हतो.
मोजत होतो.

पेन रकान्यावर धरून
मी अजून थांबलेय.

एक पाय.

मग, बऱ्याच वेळानं,
दुसरा.