दहावा

अजनीच्या क्वार्टरमध्ये रात्री दीडला
कूलरचं पाणी संपतं. नुसता पंखा
गरम हवा ढकलत राहतो.
मी उठतो, बादली भरतो, वाळ्याच्या ताट्या भिजवतो.
हे निमित्त.
फोन कूलरच्या मागे, चार्जिंगला असतो.

सिप्पोराला वाटतं, नाइट ड्यूट्यांनी याची झोप मोडली.
सतरा वर्षं मालगाड्यांना वाट देतोय मी;
कुठली थांबवायची, कुठली सोडायची, मला कळतं.
कंट्रोलमध्ये माझा शब्द चालतो.
दीड वाजता चालत नाही.

काय बघतो ते सांगण्यासारखं नसतं,
आणि सकाळी आठवतही नाही.
चेहरे तर मुळीच नाहीत.
फक्त अंगठा दुखतो, डोळ्यांत वाळू असते,
आणि सिप्पोरा चहा ठेवते तेव्हा
तिचा हात दिसतो, कप दिसतो.
गेल्या हिवाळ्यात तिने केस कापले.
मला कळायला नऊ दिवस लागले.

शेमा म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकायचे,
बाबांनी शिकवलं, अलिबागला, मी पाच वर्षांचा असताना.
तो एकच आहे, दुसरं काही दिसू नये म्हणून.
तोच हात.
तोच अंगठा कानशिलावर टेकतो
आणि तळव्याच्या आतल्या अंधारात
स्क्रीन उजळते.
हल्ली मी शेमा फार भरभर म्हणतो.

शब्बाथला फोन कपाटात, चावी सिप्पोराच्या डब्यात.
शनिवारी ऊन उतरलं की गच्चीवर जातो
आणि तीन तारे शोधतो.
शेजारचे ढोबळे म्हणतात, तुमच्यासारखी श्रद्धा हवी.
मी एक तारा मोजतो, दोन मोजतो,
घाई झालेली असते.

धंतोलीतल्या डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं.
"बघण्यापेक्षा लपवणं जास्त खातंय तुम्हाला," म्हणाला,
झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, सहाशे रुपये घेतले.
त्याला कसं सांगू,
घरात लपवता येतं ते गच्चीवर
ताऱ्यांखाली लपत नाही.

मग एलिसकाका वाकरूळकरांचा मुलगा
अपघातातून उठून चालायला लागला.
बैरामजी टाउनला त्यांनी मलिदा ठेवला,
एलियाहू हन्नाबीच्या नावाने बोललेला नवस.
नागपुरात आमची माणसं जमवणं म्हणजे
उन्हाळ्यात पाणी जमवणं.
आठ होते. नववा अमरावतीहून निघाला.
फोन वाजला, तोच फोन:
"हनोक, तू दहावा. तुझ्यावाचून अडलंय."

गेटवर चौकीदाराने थांबवलं.
मी म्हटलं, वाकरूळकरांकडे, दहावा.
त्याने टोपी काढली.
"कोनाचा दहावा हाये जी?
कोन गेलं?"
कोणी नाही, म्हणालो,
आणि जिन्यात दोन मजले
मला ते खोटं वाटत राहिलं.

दारावरच्या मेझुझाला मी डाव्या हाताने शिवलो.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत.
दहा शब्दांचं एक वचन आहे;
एलिसकाका एकेकाकडे बघत एकेक शब्द टाकत आले.
चष्मा नव्हता त्यांना, सगळे सारखेच दिसत असणार.
शेवटचा शब्द माझ्यावर पडला
आणि ते "झालं" म्हणाले,
इतकं साधं, जणू मीठ पुरलं.
गोड पोह्यांचं ताट पुढे आलं.
खोबरं दातात अडकलं.
गुलाबाच्या पाकळ्या होत्या त्यात, आणि वेलची.
मी रडलो असतो, पण उकाडा इतका होता
की कोणाला फरक कळला नसता.

त्या रात्री दीडला पाणी संपलं.
मी सिप्पोराला हलवलं.
"बादली धरतेस जरा?"
"रोज तूच भरतोस की," झोपेत म्हणाली,
पण उठली.
कूलरमागे छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता.
तिने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तिचे केस कानापर्यंतच होते,
एका बाजूला चपटे झालेले.
बादली अर्धी भरली होती.
नळ तसाच चालू ठेवून
मी बोलायला लागलो.