मिनिट अकरा, सेकंद बेचाळीस

मंत्रिमहोदयांचा श्वास मी मोजते.
ल्युब्ल्याना विद्यापीठ, तळघर, हीटरला जुनाट खोकला,
कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल:
दाबलं की विन्को रेबोल बोलतात,
सोडलं की तोंड उघडं ठेवून थांबतात.

हातात कागद नसताना माणूस वाक्य कसं बांधतो,
एवढाच आमचा प्रकल्प.
खरं बोलतो का, हा दुसऱ्या विभागाचा प्रश्न.

सुरुवात 'ग्लेयते'नं, म्हणजे 'हे बघा'.
दाखवण्यासारखं काही नसलं की हमखास.
मग श्वास, शून्य पूर्णांक आठ.
मग म्हणतात, तीन मुद्दे आहेत.
पहिला येतो,
दुसरा पहिल्याचाच कोट अंगात घालून येतो,
तिसऱ्याची मी सतरा मुलाखती वाट बघतेय.

दारिंका विचारते: पुलाला तडा गेल्याचा अहवाल
तुमच्या टेबलावर कधी आला?
'तपासणी करण्यात आली. नोंद घेण्यात आली.
योग्य त्या पातळीवर विचार केला गेला.'
क्रियापदं रांगेत उभी,
एकाच्याही घरी कर्ता नाही.
मी तक्त्यात रेघ मारते. एकोणचाळिसावी.

मग 'आम्ही'. आम्ही जाणतो, आम्ही कटिबद्ध आहोत.
त्या 'आम्ही'त किती माणसं मावतात देव जाणे:
मंत्रालय, पक्ष, देश,
झालंच तर पूलसुद्धा.

आणि मिनिट अकरा, सेकंद बेचाळीस:
'वेदेला स्वा...'
पेडल सोडलं. मागे. पुन्हा.
'वेदेला स्वा, वेदेली स्मो.'
आम्हा दोघांना माहीत होतं. आम्हाला माहीत होतं.
मध्ये शून्य पूर्णांक तीन.

तुमच्या संस्कृतातलं द्विवचन म्हणे परीक्षेपुरतं उरलं.
आमच्याकडे ते अजून बाजारात जातं,
भांडतं, बिल अर्धं अर्धं भरतं,
एका छत्रीत मावतं.
ते कुणी लिहून देत नाही.
बंद दाराआड दोन खुर्च्या होत्या, एवढं मात्र सांगून जातं.
दुसऱ्या खुर्चीत बाई होती की पुरुष,
ते प्रत्ययाला विचारू नका.

दारिंकाला ऐकू आलं नाही,
तिचं बोट पुढच्या प्रश्नावर होतं.
मला ऐकू आलं, कारण
येर्नेय गेल्यापासून हे रूप माझ्या तोंडी नाही.
परवा प्लंबरला फोनवर म्हणाले,
'आम्ही दोघं दिवसभर घरीच असतो,'
आणि मग दुरुस्त केलं.
किती वेळ लागला, मोजलं नाही.

प्रोफेसर झुपान म्हणतात, निष्कर्ष नको, नोंद कर.
केली.
द्विवचन. स्वतःहून दुरुस्ती.
पाण्याचा घोट, एक पूर्णांक नऊ.
ग्लास ठेवल्याचा आवाज.
पुढे 'ग्लेयते'.