चार वाजताचा चौकोन

रात्रपाळी लाल शाईने लिहायची,
दिवसपाळी निळ्या.
हे पहिल्याच वर्षी शिकवतात.
चूक झाली तर एकच आडवी रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी सही.
व्हाइटनर वॉर्डात आणायचंच नाही.

सकाळी सव्वासातला गोडांबेबाई
सहा नंबरचा तक्ता घेऊन आल्या,
स्वतःच्या लाल पेनचं टोपण काढलं
आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.
"मढवी, चारचा राहिलाय."

राहिलाच होता.
दोनला एकशेदहा-सत्तर, नाडी शहाण्णव.
चारला काही नाही.
त्याखाली डॉक्टर सरनोबतांच्या तिरक्या अक्षरात
फक्त एक वेळ, पाच वीस,
आणि तो शब्द.

सहा नंबर म्हणजे सोपान ढेबे,
एपीएमसीत कांदा-बटाट्याला माथाडी,
मानेवर गोणीचा घट्टा,
राहणार कोपरखैरणे, मूळचे पाटणकडचे.
संध्याकाळी सलाईनकडे बघून म्हणाले होते,
"सिस्टर, पन्नास किलो उचलणारा मी,
ही एवढीशी पिशवी हाताला जड होतेय बघा."
मी हसले होते.
हसायला नको होतं का, तेही आता कळत नाही.

चारला मी अकरा नंबरपाशी.
म्हातारीला रक्ताची उलटी,
एक हात तिच्या कपाळाला, एक सक्शनला.
एकवीस खाटा, आम्ही दोघी,
त्यातली एक रक्ताच्या पिशवीसाठी वाशीला गेलेली.
ह्याला तक्त्यात रकाना नसतो.

गोडांबेबाई वाईट नाहीत.
माझ्या सातव्या महिन्यात
माझ्या रात्री त्यांनीच काढल्या होत्या.
हळू आवाजात म्हणाल्या,
"शंभर-साठ टाक. नातेवाईक कागद मागतील,
बहात्तर तासांत द्यावे लागतात.
रिकामा चौकोन दिसला ना,
वकील त्यात बंगला बांधतो."

पेन उचललं मी. खोटं कशाला सांगू.
शंभर-साठ. बसतही होतं,
दोनच्या खाली, पाच वीसच्या वर,
अगदी उतारावरच्या पायरीसारखं.
पण मग तो दंड आठवला.
चारला ज्याला मी हात लावला नाही
त्याला आता कफ बांधायचा,
खालच्या मजल्यावर, बर्फात ठेवलेल्या माणसाला,
आणि कान लावून ऐकल्यासारखं करायचं.

बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर
कंपन्यांच्या बसेस सुरू झाल्या होत्या.
पावण्याकडून तो रोजचा गोडसर वास.
उजाडलं होतं.
म्हणून खिशातलं निळं पेन काढलं:

चार वाजता निरीक्षण घेतले नाही.
बेड अकरापाशी होते.
नोंदीची वेळ सकाळी सात पंचवीस.
प्रमिला मढवी.

बाई काही बोलल्या नाहीत.
तक्ता घेतला, आणि गेल्या.

तिसऱ्या दिवशी ढेबेंची बायको आली,
सोबत दीर, हातात अर्ज.
झेरॉक्समध्ये लाल काय, निळं काय,
सगळं काळंच येतं.
दीर बिलाचं विचारत होता.
तिने मात्र चारच्या चौकोनावर बोट ठेवलं.
"हे काय लिवलंय?"
मी वाचून दाखवलं. पुरतं. सहीसकट.
"म्हंजे चारला जागं हुतं का न्हाई, म्हाईत न्हाई?"
"नाही, ताई."
ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली.
"रोज चारलाच उठायचं ते," म्हणाली,
"मार्केटाला."

मग कागदाच्या चार घड्या घालून
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.
शिवी दिली असती तर
मला काहीतरी करता आलं असतं.

चौकशी सोमवारी आहे.
अकरा नंबरची म्हातारी काल घरी गेली,
लिफ्टमधून मुलाला म्हणाली, चपला राहिल्या.
गोडांबेबाईंचं लाल पेन
माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिलंय.
टोपण त्यांच्याकडे.